पडद्यावरचा ठोसा आणि मैदानातली हलगी

गेल्या हिवाळ्यात सांगलीला विद्यार्थ्यांच्या एका अभ्यासवर्गात मला बोलावले होते. विषय होता 'प्रसारमाध्यमे आणि दलित तरुण'. माझे भाषण संपल्यावर मागच्या रांगेतला एक मुलगा उभा राहिला. विट्याकडचा. रात्री यंत्रमागावर पाळी करणारा, दिवसा बी. ए.च्या दुसऱ्या वर्षात शिकणारा आणि उरलेल्या वेळात बॉक्सिंग करणारा. त्याने विचारले, "सर, क्रिकेट घरोघरी फुकट दिसलं म्हणून क्रिकेटवाले मोठे झाले. तसं आमचं बॉक्सिंग दूरदर्शनवर फुकट दाखवलं, तर आमच्यातली पोरंपण स्टार होतील का नाही?"

मी त्याला भांडवलशाही, जाहिरात आणि प्रस्थापितांची करमणूक ह्यांवर एक चुरचुरीत उत्तर दिले. टाळ्या पडल्या. त्या मुलाने टाळी वाजविली नाही. संध्याकाळी एस. टी. स्टँडवर तो पुन्हा भेटला आणि म्हणाला, "घरातनं पोलीस भरतीचा फॉर्म भर म्हणत्यात. बॉक्सिंगसाठी आणखी दोन वर्सं काढू का नको, एवढंच मला पायजे होतं."

माझे सभेतले उत्तर टाळ्यांसाठी होते, त्याच्यासाठी नव्हते. हा लेख म्हणजे ते उत्तर पुन्हा देण्याचा प्रयत्न आहे. प्रश्न वरवर खेळाचा आणि करमणुकीचा वाटतो. तथापि कुणाचे शरीर समाजाला दिसते, ते किती वेळ दिसते आणि त्याविषयी बोलण्याचा अधिकार कुणाच्या हाती असतो, हा प्रश्न दलित साहित्याने पहिल्यापासून विचारलेला आहे. म्हणून ह्या त्रैमासिकाच्या वाचकांपुढे तो मांडण्यात गैर नाही.

१

प्रथम आपल्या मातीतलाच दाखला घेऊ. सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यात पेठ नावाचे गाव आहे. मुरलीकांत पेटकर तिथले. सैन्यात गेले, ईएमई दलात कारागीर झाले आणि तिथे मुष्टियोद्धा म्हणून तयार झाले. १९६५ च्या युद्धात त्यांच्या अंगात गोळ्या घुसल्या. एक गोळी मणक्यापाशी राहिली आणि कमरेखालचे शरीर निकामी झाले. ठोसा मारणारा माणूस उपचार म्हणून पाण्यात उतरला. ऑगस्ट १९७२ मध्ये पश्चिम जर्मनीतल्या हायडेलबर्ग येथे अपंगांच्या जागतिक स्पर्धेत, म्हणजे आज आपण ज्यांना पॅरालिंपिक म्हणतो त्यांत, ५० मीटर मुक्त शैली पोहण्यात त्यांनी ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून सुवर्णपदक जिंकले. ह्या देशाला पॅरालिंपिकमध्ये मिळालेले ते पहिले सुवर्ण. ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्ण मिळायला त्यानंतर आणखी ३६ वर्षे लागली.

१९७२ हे साल आपल्याला वेगळ्या कारणाने पाठ आहे. त्या वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. गावोगाव दुष्काळ होता, माणसे खडी फोडीत होती. आणि त्याच वर्षी, २ ऑक्टोबरला, मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. म्हणजे पेटकरांनी पदक जिंकले तेव्हा महाराष्ट्रात एकही दूरचित्रवाणी केंद्र नव्हते. ते दोन महिन्यांनी आले. असे असताना एखाद्याला वाटेल की हिशेब सरळ आहे : पडदा नव्हता म्हणून नायक झाला नाही, पडदा असता तर झाला असता. माझ्या विट्याच्या विद्यार्थ्याचे म्हणणेही हेच आहे.

पण ह्या हिशेबात एक अडचण आहे. तिचे नाव खाशाबा जाधव.

सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळचे गोळेश्वर हे खाशाबांचे गाव. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ते जाऊ शकावेत म्हणून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी आपले घर सात हजार रुपयांना गहाण टाकले होते. पडदा तेव्हा कल्पनेतही नव्हता. तरीही खाशाबा परतले तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. म्हणजे लौकिक झाला. साताऱ्यात, कोल्हापुरात, सांगलीत खाशाबा हे नाव ज्याने ऐकले नाही असा तालमीतला पोरगा सापडणार नाही. त्यांना कमी पडला तो लौकिक नव्हे. त्यांना परत आल्यावर स्वतःच कुस्तीचे फड भरवून खर्डेकरांचे कर्ज फेडावे लागले. १९५५ साली पोलीस खात्यात फौजदाराची नोकरी मिळाली. १९८४ साली अपघातात ते गेले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० सालचा, मरणोत्तर.

ह्या दोन माणसांकडे एकत्र पाहिले की एक गोष्ट स्पष्ट होते. पडद्यावाचून लौकिक होऊ शकतो, कारण खाशाबांना तो मिळाला. कुस्तीला गावोगाव तालीम होती, जत्रेचा फड होता, पैलवानाची कीर्ती पुढे नेणारी तोंडे होती. पेटकरांच्या मुष्टियुद्धाला आणि पोहण्याला आपल्या गावांत असे काहीच नव्हते. खेळाची आपली वस्ती नसेल तर जिंकणारा जिंकून एकटाच परत येतो.

२

आता खुद्द फुकटच्या पडद्याकडे वळू. त्याचा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेत झाला आणि तोही मुष्टियुद्धावरच झाला. म्हणून तिकडचा दाखला घेणे भाग आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत दूरचित्रवाणी नवी होती. एका जागी दोनच माणसे, प्रकाश भरपूर, तीन मिनिटांची फेरी आणि मधल्या मिनिटात जाहिरात. मुष्टियुद्ध त्या छोट्या पेटीत चपखल बसले. दाढीचे ब्लेड विकणारी जिलेट कंपनी दर शुक्रवारी रात्री एनबीसीवर लढती दाखवीत असे आणि हे १९६० पर्यंत चालले. कोट्यवधी लोकांनी त्या फुकट पाहिल्या. परिणाम काय झाला? काही मुष्टियोद्धे घराघरांत पोचले हे खरे. पण गल्लीबोळांतले छोटे क्लब ओस पडले, कारण घरात फुकट दिसत असताना तिकीट काढून कोण जाणार? त्या क्लबांत नवी पोरे हळूहळू तयार होत असत. पडद्याने ती मधली पायरीच खाऊन टाकली. दर आठवड्याला नवा माणूस हवा, तोही आक्रमक हवा, म्हणून कच्ची पोरे लवकर पुढे ढकलली गेली, लवकर मोडली आणि लवकर विसरली गेली.

उलट बाजूचाही दाखला आहे आणि तो लपवून चालणार नाही. १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकमध्ये शुगर रे लेनर्ड ह्या काळ्या तरुणाने सुवर्ण जिंकले. फुकट दिसणाऱ्या एबीसी वाहिनीने त्याला देशाला दाखविले आणि पुढच्या वर्षी त्याच्या व्यावसायिक जीवनातली पहिलीच लढत सीबीएसने दाखविली. तो खरोखर पडद्याने घडविलेला तारा होता. पण तो एकदा दिसून थांबला नाही. तो पुन्हा पुन्हा दिसत राहिला, त्याच्या मागे शिकविणारे आणि हिशेब बघणारे लोक उभे होते आणि त्याला बोलता येत होते.

बोलता येणे ही साधी गोष्ट नव्हे. आपल्या पँथर पिढीला मुहम्मद अली आपला वाटला तो केवळ त्याच्या ठोशामुळे नव्हे. त्याने कॅमेऱ्यासमोर स्वतःचे नाव स्वतः ठरविले, व्हिएतनामच्या युद्धावर जाण्यास नकार दिला आणि १९६७ साली त्याचे अजिंक्यपद काढून घेतले गेले तरी तो गप्प बसला नाही. ध्वनिक्षेपक त्याच्या हातात होता. त्याच्याही आधीचा जो लुई पाहा. १९३८ साली त्याने जर्मनीच्या श्मेलिंगला पहिल्याच फेरीत लोळविले ते बहुसंख्य काळ्या लोकांनी पाहिले नाही, रेडिओवर ऐकले. ऐकणारी वस्ती एकत्र होती, रस्त्यावर उतरली, आणि तो त्यांचा नायक झाला. म्हणजे डोळ्यांना दिसण्यापेक्षा कुणाच्या तोंडून आपण पुढे जातो ह्याला महत्त्व अधिक.

१९८२ च्या नोव्हेंबरात रे मॅन्सिनीशी झालेल्या लढतीत कोरियाचा डक कू किम जबर जखमी झाला आणि काही दिवसांत मेला. ती लढत सीबीएसवर थेट दिसत होती. पुढच्या वर्षांत फुकटच्या वाहिन्या मुष्टियुद्धापासून हळूहळू दूर गेल्या आणि मोठ्या लढती पैसे भरणाऱ्यांसाठी राखून ठेवल्या गेल्या. २०१५ साली काही व्यावसायिकांनी मुष्टियुद्ध पुन्हा फुकटच्या वाहिन्यांवर आणले, पण ह्या खेपेस वाहिन्या पैसे देत नव्हत्या, लढत भरविणारेच वाहिनीची वेळ विकत घेत होते! प्रेक्षकाला फुकट मिळणाऱ्या वस्तूची किंमत कुणीतरी भरीत असतो. कोण भरतो हे कळले की पडद्यावर कोण दिसणार हेही कळते.

३

आपल्याकडे काय झाले?

नोव्हेंबर १९८२ मध्ये दिल्लीला आशियाई स्पर्धा झाल्या. त्यांच्याच निमित्ताने दूरदर्शन रंगीत झाले होते. देशात एकच वाहिनी होती. दुसरीकडे वळायला बटणच नव्हते. ह्याहून अधिक मोकळा आणि फुकट पडदा पुन्हा कुठल्याही खेळाडूला मिळाला नाही. त्या स्पर्धेत पंजाबातल्या शेतकरी घरातला सैनिक कौर सिंग ह्याने हेवीवेट गटात सुवर्ण जिंकले. त्याआधी १९८० साली दिल्लीत तो प्रत्यक्ष मुहम्मद अलीशी प्रदर्शनीय लढत खेळला होता. अर्जुन मिळाला, पद्मश्री मिळाली. मग तो आपल्या शेताकडे परतला. उतारवयात औषधोपचारासाठी त्याला कर्ज काढावे लागल्याची बातमी २०१७ साली आली, तेव्हा अनेकांना त्याचे नाव पहिल्यांदा कळले. २०२३ साली तो वारला.

बीजिंगला २००८ साली विजेंदर सिंगने कांस्य जिंकले तेव्हा चित्र पालटले असे म्हणतात. ते खरे आहे. विजेंदर तारा झाला. पण त्याच स्पर्धेत, त्याच पडद्यावर अखिल कुमारने विश्वविजेत्या रशियन मुष्टियोद्ध्याला हरविले होते आणि जितेंदर कुमारही उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला होता. तिघेही हरियाणातले. पडदा तिघांनाही सारखाच मिळाला, लौकिक मात्र पदकवाल्याच्या वाट्याला आला. आणि विजेंदरचा लौकिक वाया गेला नाही ह्याचे कारण भिवानीत आहे. तिथे मुष्टियुद्धाचे क्लब होते, शिकविणारे होते, खेळाच्या जोरावर पोलिसांत आणि रेल्वेत नोकरी मिळते हा घरच्यांचा अनुभव होता. पडद्यावर विजेंदर दिसल्यावर ज्या मुलांना ठोसा मारावासा वाटला त्यांना दुसऱ्या दिवशी जायला जागा होती. आमच्या आटपाडीच्या, माणच्या, खटावच्या मुलाला ठोसा मारावासा वाटला तर त्याने कुठे जायचे?

येथे कुणी म्हणेल, सांगलीचेच उदाहरण घ्या ना, स्मृती मानधना! अवश्य घेऊ. भारतीय महिला क्रिकेट संघ २००५ साली विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पोचला होता. किती जणांना आठवते? २०१७ साली लॉर्ड्सवर तसाच अंतिम सामना झाला, संघ पुन्हा हरला, पण ह्या वेळी घरोघरी तो पाहिला गेला आणि त्या मुली नावानिशी माहीत झाल्या. पडद्याचे सामर्थ्य ह्याहून स्वच्छ दिसणार नाही. तथापि दोन्ही सामन्यांच्या मध्ये एक घटना घडली होती : २००६ साली महिला क्रिकेट श्रीमंत क्रिकेट मंडळाच्या छत्राखाली आले. पुढे २०२२ मध्ये सामन्याचे मानधन पुरुषांइतके झाले, २०२३ मध्ये लीग आली आणि सांगलीच्या ह्या मुलीवर ३ कोटी ४० लाखांची बोली लागली. पडद्याने ओळख दिली. ती टिकविली ती मंडळाने, मानधनाने, दरवर्षी ठरलेल्या सामन्यांनी.

आता त्याच जिल्ह्यातला दुसरा खेळाडू. आटपाडी तालुक्यातल्या करगणीचे सचिन खिलारी ह्यांनी ४ सप्टेंबर २०२४ रोजी पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये गोळाफेकीत १६.३२ मीटरची फेक करून रौप्य मिळविले. पेटकरांच्या पदकाला तेव्हा ५२ वर्षे झाली होती. पेटकरांची स्पर्धा महाराष्ट्रात कुणालाच दिसणे शक्य नव्हते, खिलारींची मोबाईलवर पाहता येत होती. मी माझ्या वर्गात दोघांची नावे विचारली. पेटकर बऱ्याच जणांना माहीत होते, कारण त्यांच्यावर हिंदी चित्रपट आला आहे. खिलारी दोघांना माहीत होते आणि त्यातला एक आटपाडीचा होता.

४

त्या चित्रपटाविषयी दोन शब्द. 'चंदू चॅम्पियन' जून २०२४ मध्ये आला. कबीर खान दिग्दर्शक, कार्तिक आर्यन नायक. मी तो सांगलीत पाहिला. वाळव्याचा माणूस मोठ्या पडद्यावर बघताना माझे डोळे भरून आले हे कबूल करतो. पण घरी आल्यावर मनात खटकत राहिले. सगळी कथा एका म्हाताऱ्या माणसाच्या अर्जाभोवती गुंफली आहे : मला अर्जुन पुरस्कार द्या. राज्यसंस्थेने दखल घेतली की अन्याय संपला, अशी त्या कथेची रचना आहे. मणक्यातली गोळी, रुग्णालयातले दिवस, पुण्याच्या कारखान्यातली नोकरी, अपंग माणसाला एस. टी.त चढताना काय होते, हे सगळे त्या मोठ्या टाळीच्या वाटेवरचे थांबे ठरतात. नायक एकटाच जिंकतो. गाव फक्त हसायला आणि शेवटी टाळ्या वाजवायला असते.

चित्रपटाच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. तो प्रदर्शित झाल्यानंतर सात महिन्यांच्या आत, जानेवारी २०२५ मध्ये, पेटकरांना अर्जुन जीवनगौरव पुरस्कार जाहीर झाला. पद्मश्री २०१८ सालीच मिळाली होती. पडद्याचा दाब राज्यसंस्थेवर पडतो हे ह्यावरून नाकारता येणार नाही. पण माझ्या वर्गात मी त्यांचे छायाचित्र दाखविले तेव्हा एकालाही ते ओळखता आले नाही. मुले म्हणाली, "हे कोण?" कार्तिक आर्यनचे छायाचित्र मात्र सर्वांनी ओळखले. पडद्याने पेटकरांच्या कथेला तारा केले आणि पेटकरांचा चेहरा दुसऱ्याला दिला.

५

मला जे म्हणायचे आहे ते एका मैदानात बसून जास्त स्पष्ट झाले. आमच्याकडे चैत्रात जत्रा सुरू झाल्या की कुस्त्यांचे फड पडतात. मागच्या जत्रेला आमच्या भागातल्या एका फडाचे थेट चित्रण मोबाईलवर चालू होते. मी प्रत्यक्ष फडात बसून बाजूच्या मुलाच्या मोबाईलवरही तेच पाहत होतो. कॅमेरा पैलवानांवर होता, मधूनमधून फेट्यातल्या पाहुण्यांवर जात होता. निवेदक पैलवानांची, त्यांच्या वस्तादांची, देणगीदारांची नावे पुकारीत होता. आणि सगळ्या वेळात हलगी कडाडत होती. लढत थंड पडली की हलगी वाढायची, पैलवान पुन्हा भिडायचे. हलगी वाजविणारे तिघे माझ्यापासून दहा हातांवर उभे होते, घामाने निथळत. दोन तासांत एकदाही ते पडद्यावर आले नाहीत. एकदाही त्यांचे नाव पुकारले गेले नाही. त्यांतला एक माझा विद्यार्थी होता.

पडदा हलगी ऐकवतो, हलगीवाला दाखवीत नाही. आणि हे कॅमेरावाल्याच्या वाईट बुद्धीमुळे घडते असेही नाही. फडात कोण महत्त्वाचा, कोण मधोमध आणि कोण कडेला, हे गावाने कॅमेरा येण्याच्या कितीतरी आधी ठरविलेले आहे. ते जातीने ठरविलेले आहे. बाबासाहेबांच्या चळवळीने जातीने लादलेली गावकीची कामे टाकून द्यायला सांगितले. ज्यांच्या हातून पोटासाठी वाद्य सुटले नाही ते आज सुपारी घेऊन वाजवितात. कॅमेऱ्याने गावाची मांडणी जशीच्या तशी उचलली आणि तिला तंत्राची झळाळी दिली. पडदा फुकट आहे, पण त्याची चौकट फुकट नाही. ती जुन्या किमतीने विकत घेतलेली आहे.

लौकिक मिळाला तरी चौकट मोडतेच असे नाही, हे आपल्या इतिहासाने एका थोर खेळाडूच्या रूपाने शिकविले आहे. चांभार जातीतले पळवणकर बाळू १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर ११४ बळी घेऊन आले. दूरचित्रवाणी नव्हती, रेडिओ नव्हता, तरी वर्तमानपत्रांनी आणि अस्पृश्य वस्त्यांनी त्यांना नायक केले. त्यांचे जाहीर सत्कार झाले. पण ह्याच बाळूंना आधी पुण्याच्या क्लबात वेगळ्या भांड्यात चहा दिला जात असे, आणि इतका लौकिक झाल्यावरही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना दिले गेले नाही. ते त्यांचे बंधू विठ्ठल ह्यांना मिळाले, १९२३ साली, आणि तेही पळवणकर बंधूंनी निषेध म्हणून संघाबाहेर राहून दाखविल्यानंतर. चेंडू त्यांचा होता, मैदान दुसऱ्याचे होते.

मग लौकिक टिकतो कसा? पेटकरांच्या वाळवा तालुक्यातच वाटेगाव आहे, अण्णा भाऊ साठे ह्यांचे गाव. अण्णा भाऊंना दूरदर्शनने मोठे केले नाही. ते १९६९ साली गेले, मुंबई केंद्र सुरू होण्याच्या तीन वर्षे आधी, आणि गेले तेही हलाखीत. तरी आज १ ऑगस्टला सांगली-साताऱ्यातल्या वस्त्यावस्त्यांत त्यांचा फोटो लागतो. का? कारण त्यांच्यामागे शाहिरी होती, लोकनाट्य होते, डफ-तुणतुणे होते आणि ते पुढे चालविणारी माणसे होती. फकिराची कथा त्यांनी बाहेरच्या कुणाला सांगायला दिली नाही. हलगी वाजविणाऱ्यांच्या वस्तीतून त्यांनी ती स्वतः सांगितली.

६

ह्यावरून फुकटच्या पडद्याकडे पाठ फिरवावी असा निष्कर्ष कुणी काढू नये. आपल्यातले काही मित्र प्रत्येक माध्यमाला 'प्रस्थापितांचे' म्हणून झटकून मोकळे होतात. सभेत मीही तेच केले होते. पण हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच दिला आहे. तो खटला क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून झाला होता हे ध्यानात ठेवावे. २००७ साली संसदेने कायदा केला की सरकार ज्या सामन्यांना राष्ट्रीय महत्त्वाचे ठरवील त्यांचे प्रक्षेपण खाजगी वाहिनीने प्रसार भारतीलाही दिले पाहिजे. चांगला कायदा आहे. परंतु राष्ट्रीय महत्त्व कुणी ठरवायचे? पाणवठा सार्वजनिक आहे असे कागदावर लिहिले म्हणून तो आपल्याला खुला झाला नव्हता. महाडला जाऊन ओंजळ भरावी लागली. लहरींचेही तसेच आहे.

म्हणून मागणी नेमकी करावी. सह्याद्री वाहिनीने राज्य पातळीवरच्या मुष्टियुद्ध आणि कुस्तीच्या लढती वर्षातून एकदा पदकाच्या दिवशी नव्हे, तर ठरलेल्या वेळी दर आठवड्याला दाखवाव्यात, म्हणजे प्रेक्षकाला त्याच मुलाची दुसरी, तिसरी, दहावी लढत पाहता येईल. लढतीआधी त्या मुलाने आपल्या बोलीत दोन मिनिटे बोलावे. निवेदक मुंबईचाच असावा असा नियम नाही. आणि हलगीवाल्याचे नाव पडद्यावर लिहावे. त्याला पैसे लागत नाहीत.

पण त्याआधीची मागणी तालुक्याची आहे. खेळाला जागा आणि शिकविणारा लागतो. एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्याला महाराष्ट्र केसरी झाली. विजेत्याची गदा सगळ्या पडद्यांवर झळकली, आणि त्याच्या हाती रोख बक्षीस पडले नाही म्हणून वाद झाला तो नंतरच्या बातम्यांत वाचावा लागला. गदेला प्रकाश मिळतो, मानधनाला मिळत नाही. कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी लक्ष ठेवायचे ते ह्या दुसऱ्या गोष्टीवर.

राहिला विट्याचा मुलगा. त्याला मी पत्र लिहिले. त्यात असे लिहिले : तुझ्या घरचे भरतीचा अर्ज भर म्हणतात तो भर. भरती आणि बॉक्सिंग ह्या दोन वाटा आहेत असे तुला वाटते, पण ज्यांची नावे मी तुला सांगितली त्यांच्याकडे पाहा. पेटकर सैन्यातून आले, कौर सिंग सैन्यातून आला, खाशाबांना आधार दिला तो पोलीस खात्याने. ह्या देशात गरिबाच्या पोराचे बॉक्सिंग जगले आहे ते गणवेशाच्या आधाराने, पडद्याच्या नव्हे. हे चांगले आहे असे मी म्हणत नाही, असे आहे एवढेच सांगतो. खात्याच्या संघात जा, तिथे रिंग आहे, खुराक आहे, शिकविणारा आहे, महिन्याचा पगार आहे. आणि एखाद्या दिवशी कॅमेरा तुझ्यासमोर आलाच, तर तुझे नाव, तुझे गाव आणि तुला पहिला ठोसा शिकविणाऱ्याचे नाव तू स्वतः सांग. दुसऱ्याला सांगू देऊ नकोस.

त्याचे उत्तर आले. पोस्टकार्डावर दोन ओळी होत्या. फॉर्म भरला आहे. पण गावात बॅग टांगायला जागा नाही, समाजमंदिराची किल्ली ग्रामपंचायतीकडे आहे, ती देत नाहीत, तुम्ही येऊन बोलाल का?

पुढच्या रविवारी मी विट्याला जातो आहे. ज्यांना शक्य असेल त्यांनी बरोबर यावे.